नमुना इंजिन (मोटारसायकल)

मोटारसायकलसाठी आखलेले, ओतलेले, जुळवून प्रत्यक्ष चालवून पाहिलेले, पण विक्रीच्या गाडीत कधीच न बसलेले इंजिन. ‘प्रोटोटाइप’ हा शब्द मराठीत रुळला आहे. गॅरेजमध्ये ‘सॅम्पल इंजिन’ म्हटले तरी समजते. नुसत्या आराखड्यावर राहिलेली इंजिने यात धरत नाहीत. फक्त शर्यतीसाठी बनवलेली इंजिनेही धरत नाहीत, कारण ती विकायची नव्हतीच. म्हणून मोटो गुझी या इटालियन कंपनीचे आठ सिलिंडरांचे ४९९ सीसी इंजिन (१९५५–५७) कितीही गाजलेले असले, तरी ते या नोंदीबाहेरचे. कापूस पिकवणाऱ्या खानदेशात ही कल्पना समजावून द्यावी लागत नाही. चाचणी प्लॉटात जोमाने वाढलेले, शिवारफेरीत सगळ्यांनी पाहिलेले आणि पुढच्या हंगामात दुकानात पिशवीच न आलेले वाण जसे, तसे हे इंजिन.

ते बाजारात का येत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनात सापडत नाही. डुकाटी या इटालियन कंपनीचे ‘अपोलो’ (१९६४) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. डुकाटीच्या गाड्या अमेरिकेत आणणाऱ्या बर्लिनर कंपनीला तिथल्या पोलीस खात्याला विकता येईल अशी, अमेरिकेच्याच हार्ले-डेव्हिडसनच्या तोडीची गाडी हवी होती. डुकाटीचे अभियंते फाबियो तालियोनी यांनी त्यासाठी चार सिलिंडरांचे, ९० अंशांच्या ‘व्ही’चे, हवेने थंड होणारे १,२५७ सीसी इंजिन आखले. ते १०० अश्वशक्ती देत होते. त्या काळी कित्येक मोटारींची ताकदही एवढी नव्हती. गाडीचे वजन सुमारे २७० किलो आणि चाके पोलिसी गाड्यांना लागत तशी, १६ इंची. चाचणीत वेग चढला की मागच्या टायरचे रबर सुटायचे, तुकडे उडायचे. एवढे वजन आणि एवढा जोर एकदम झेलेल असा मोटारसायकलचा टायर तेव्हा मिळतच नव्हता. मग इंजिनाची ताकद ८० वर आणली, तरी भागेना. ती ६५ वर आली. आता टायर टिकले, पण हार्ले सोडून ही गाडी घ्यायला पोलिसांना कारण उरले नाही. दोन गाड्या बनल्या आणि काम थांबले. अपोलोची गणना फसलेल्या इंजिनांत करतात ते चुकीचे आहे. फसला तो टायर.

बीएसए–ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या ३४९ सीसी जोड-सिलिंडर इंजिनाची गोष्ट याहून चुटपुट लावणारी. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) असलेल्या या इंजिनाचा मूळ आराखडा एडवर्ड टर्नर यांचा होता. बर्ट हॉपवुड आणि डग हील यांनी तो सुधारला. १९७१ च्या हंगामासाठी ‘बॅंडिट’ आणि ‘फ्युरी’ अशी दोन नावे ठरली, गाड्या लोकांना दाखवल्या गेल्या, कॅटलॉगही छापले गेले. तेवढ्यात कंपनीच कर्जात बुडाली. हातावर मोजण्याइतक्या गाड्या मागे राहिल्या.

हार्लेने १९७० च्या दशकात पोर्शेच्या मदतीने ‘नोव्हा’ प्रकल्पात पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन चालवून पाहिले. १९८१ मध्ये व्यवस्थापकांनीच कंपनी विकत घेतली, तेव्हा तिजोरीत एकाच इंजिनापुरता पैसा होता. तो जुन्या ढंगाच्या, हवेने थंड होणाऱ्या ‘इव्होल्यूशन’ला मिळाला. इटलीचे ८४८ सीसी मॉर्बिडेली व्ही-८ आणि ब्रिटनचे १,५०० सीसी नॉर्टन ‘नेमेसिस’ ही १९९० च्या दशकातली दोन नावे चित्रांमुळे ओळखीची आहेत. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे त्याहून फार नाही.

यामाहाने १९७१ च्या टोकियो प्रदर्शनात पाण्याने थंड होणारे, चार सिलिंडरांचे, ७४३ सीसी टू-स्ट्रोक ‘जीएल ७५०’ मांडले आणि पुढच्याच वर्षी रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेली, ‘आरझेड २०१’. दोन्ही विक्रीला आल्या नाहीत. यामाहाच्याच टू-स्ट्रोक आरएक्स १०० च्या आवाजावर वाढलेल्या वाचकाला पहिलीविषयी हळहळ वाटेल. दुसरीविषयी वाटू नये. रोटरी इंजिन पेट्रोल फार पिते, आणि १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. सुझुकीने ‘आरई ५’ ही रोटरी गाडी १९७४ मध्ये बाजारात आणलीच. ती खपली नाही आणि १९७६ मध्ये बंद झाली. यामाहा वेळीच थांबली असे म्हणायला जागा आहे.

भारतातली उदाहरणे अलीकडची आहेत. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत हीरोने ६२० सीसी जोड-सिलिंडरची ‘हॅस्टर’ दाखवली. तिच्यामागे एरिक ब्युएल यांच्या अमेरिकी कंपनीचा हात होता. ती कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हॅस्टर दिसेनाशी झाली. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ८३८ सीसी व्ही-ट्विनची ‘केएक्स’ मांडली. १९३० च्या दशकातल्या आपल्याच १,१४० सीसी केएक्सची ती आठवण होती आणि आठवणच राहिली.

खानदेशाच्या दृष्टीने खरी चुकलेली गाडी मात्र तिसरी : हीरोची १५० सीसी डिझेल ‘आरएनटी’. तीही २०१४ चीच, मालवाहू कामाची, सपाट कॅरियरची. हॅस्टरच्या झगमगाटात तिच्याकडे फार कोणी पाहिले नाही. डिझेल मोटारसायकल इकडे नवलाची नाही. एनफिल्डची ३२५ सीसी, साडेसहा अश्वशक्तीची डिझेल बुलेट रीतसर विकली जात होती. तिचा ठोका विहिरीवरच्या इंजिनासारखा, चाल बैलगाडीपेक्षा बरी, पण लिटरमागे पडणारे अंतर ऐकून पेट्रोलवाला गप्प बसे. रावेर–यावलच्या केळीपट्ट्यात खताची गोणी, ठिबकच्या नळ्यांचे बंडल आणि मागे एक माणूस घेऊन बांधावरून जाणारी हलकी डिझेल गाडी चालली असती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाले. एवढ्याशा डिझेल इंजिनाचा धूर त्या मापात बसवायचा तर खर्च गाडीच्या किमतीला झेपणारा नाही. त्यामुळे तो विषय आता मिटला.

नमुना इंजिन ओळखायचे ते हाताने. कारखान्यात हजारोंनी निघणाऱ्या इंजिनाचे चेंबर पोलादी डायमध्ये दाबून ओततात. अॅल्युमिनियम गुळगुळीत, कडा पातळ, आतल्या बाजूला पार्ट नंबर उठलेला. डायचा खर्च मोठा, म्हणून दोन-चार नगांसाठी ती कोणी करत नाही. नमुना वाळूच्या साच्यात ओततात. बोट फिरवले की बीडाच्या जुन्या पंपासारखी बारीक खरखर लागते, भिंती जाड असतात, साच्याचे दोन भाग जुळले तिथली शिवण कानशीने घासलेली दिसते. बोल्टच्या भोवती गरजेपेक्षा जास्त धातू सोडलेला असतो. चाचणीत भोक सरकवावे लागले तर जागा हवी म्हणून. इंजिन नंबर असलाच तर हाताने ठोकलेला, एखादा आकडा तिरका.

चाचणीत उष्णतेला मोठे महत्त्व असते. हवेने थंड होणाऱ्या व्ही इंजिनात पुढचा सिलिंडर ताजी हवा घेतो आणि मागच्याला त्याची उतरलेली गरम हवा मिळते. थंड युरोपात हा फरक खपून जातो. मे महिन्यात भुसावळ–जळगावला पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा येणारी हवाच तापलेली असते आणि मागच्या सिलिंडरचे हाल होतात.

कायद्यातही ‘प्रोटोटाइप’ला नेमका अर्थ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार विक्रीपूर्वी प्रत्येक वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्था हे काम करतात. खानदेशाच्या उत्तरेला, धुळे–शिरपूर ओलांडून बिजासन घाटाने वर गेले की इंदूरजवळ पिथमपूर लागते. तिथला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. अशी तपासणी न झालेले इंजिन हौसेने जुन्या चासीत बसवले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. आरसी बुकातला तपशील आणि गाडी यांत तफावत चालत नाही. त्यामुळे एमएच १८, १९ किंवा ३९ ची (धुळे, जळगाव किंवा नंदुरबारची) पाटी असलेल्या गाडीत घरी घडवलेले इंजिन घालणाऱ्याला ती शेतरस्त्यापुरतीच फिरवावी लागते; डांबरी रस्त्यावर पहिल्याच नाकाबंदीत चासीवर वाकून नंबर पाहिला जातो.