पळायला जायचं की नाही, हे आभाळाला विचारू नका

९ सप्टेंबर २०२०. सॅन फ्रान्सिस्कोत त्या दिवशी नीट उजाडलंच नाही. भर दिवसा आभाळ केशरी, रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागलेले. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर वर दाटला होता. गंमत म्हणजे जमिनीलगतची हवा त्या दिवशी तितकीशी वाईट नव्हती. समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थराने धूर वरच अडवून धरला होता. तो खाली उतरला नंतरच्या एकदोन दिवसांत, आणि खरी खराब हवा तेव्हाची.

या धुरातला सगळ्यात घातक ऐवज म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस त्यांच्या वीसेक पट जाड. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना त्याच्या दहापट, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. अर्धा तास पळणं म्हणजे त्याच धुरात पाच तास खुर्ची टाकून बसणं!

म्हणून हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा आकडा बघायचा. पण इथे आपल्याकडून तिकडे गेलेल्यांची फसगत होते. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो आणि हवेला ‘समाधानकारक’ म्हणतो. अमेरिकेचा निर्देशांक त्याच हवेला दीडशेच्या वर नेतो. अमेरिकी आकडा शंभरापुढे गेला की दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि मुलांनी बाहेरचे कष्ट कमी करावेत. दीडशेपुढे कोणीच पळायला जाऊ नये, असं माझं मत.

ओला रुमाल निरुपयोगी. घट्ट बसलेला एन-९५ कण अडवतो, वायू नाही. शिवाय तो लावून पळताना दम पुरत नाही, मग माणूस तो सैल करतो आणि कडेने धूर आत येतो.

त्यापेक्षा खिडक्या लावून घरात सूर्यनमस्कार घालावेत. हवा शुद्ध करणारं यंत्र असेल तर त्याच खोलीत. मात्र त्याआधी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी किंवा देवापुढे उदबत्ती नको. त्यांच्या धुरातही हेच बारीक कण असतात.