कलावर्गातल्या आठ सवयी आल्या कुठून?

‘कला शिकली की अभ्यासातले मार्क वाढतात’ असा दावा नव्वदच्या दशकात अमेरिकेत जोरात होता. कलेचे तास वाचवायला तोच पुढे केला जाई. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या शिक्षण-संशोधन केंद्रातल्या एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी १९५० पासूनचे १८८ अहवाल तपासले. २००० साली त्यांनी सांगितलं, की नाटक-संगीताचे मोजके अपवाद सोडले तर याला भक्कम पुरावा नाही. अनेक कलाप्रेमी दुखावले. आमच्या मते मात्र कलाशिक्षणाचं यानं भलंच झालं, कारण पुढचा प्रश्न उघडा पडला: मग चित्रकलेच्या वर्गात मुलं शिकतात तरी काय?

शर्ली वीनेमा आणि किंबर्ली शेरिडन यांना सोबत घेऊन दोघींनी बॉस्टन आर्ट्स अकॅडमी आणि वॉलनट हिल या कलाशाळांतल्या ५ शिक्षकांचे ३८ वर्ग चित्रित केले. चित्रणातले तुकडे शिक्षकांना दाखवून ‘इथे तुम्ही काय शिकवत होता?’ हे विचारलं. त्यातून २००७ मध्ये कलावर्गात मुलांना लागणाऱ्या विचारांच्या आठ सवयी मांडल्या गेल्या: कसब कमावणं, चिकाटीनं गुंतून राहणं, मनात चित्र उभं करणं, व्यक्त होणं, निरखणं, केलेल्या कामावर विचार करणं, चुकण्याची तयारी ठेवून नवं करून बघणं आणि कलाविश्व समजून घेणं. यांत पहिली-आठवी असा क्रम नाही. आठ तक्ते लावून आठवड्याला एक सवय ‘शिकवली’ की गाडी रुळावरून घसरते, कारण एकाच चित्रात तीन-चार सवयी एकदम कामाला लागतात.

आपल्याकडे एलिमेंटरी या शालेय चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात निरखणं, नवं करून बघणं आणि केलेल्या कामावर विचार करणं असं एकदम कामाला लागताना रोज दिसतं. मूल तांब्याच्या तोंडाचा लंबगोल दोन्ही बाजूंना टोकदार काढतं आणि तळ सरळ रेषेत. तळ टेबलावर सपाट टेकलाय हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते दिसतं ते न काढता ठाऊक असलेलं काढतं. अशा वेळी खोडून देऊ नये. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर तोंडाची रुंदी आणि उंची मोजायला सांगावं. मग तळाचा लंबगोल मोजावा. तो नजरेच्या आणखी खाली असल्यानं तोंडापेक्षा जास्त उघडा, गोलसर दिसतो. दुसरं चित्र नव्या कागदावर काढून दोन्ही शेजारी ठेवावीत आणि काय बदललं हे मुलालाच सांगू द्यावं.