धावपट्टीवरची वस्ती: ब्योब्लिंगेनच्या ‘फ्लुगफेल्ड’ची पार्श्वभूमी

जर्मनीत श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला ब्योब्लिंगेन आणि सिंडेलफिंगेन ही दोन गावं एकमेकांना इतकी खेटून आहेत, की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते नवख्याला पाटी वाचूनच कळतं. सिंडेलफिंगेन म्हणजे मर्सिडीजचा अवाढव्य कारखाना. ब्योब्लिंगेनला अनेक दशकं आयबीएमची प्रयोगशाळा होती. साहजिकच जागेचे भाव चढे. असं असताना दोन्ही गावांच्या ऐन मध्यावर, रेल्वे स्टेशनला लागून आणि महामार्गाच्या कडेला सुमारे 80 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 200 एकर सलग जमीन या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बिल्डरांच्या हाती कशी लागली नाही? आज तिथे फ्लुगफेल्ड (म्हणजे ‘विमानांचं मैदान’) नावाची नवी वस्ती उभी आहे, आणि ती उभी राहू शकली ती त्या जमिनीभोवतीच्या लष्करी कुंपणामुळे.

सुरुवातच पहिल्या महायुद्धात झाली. 1915 मध्ये इथल्या सपाट मैदानावर लष्करी विमानतळ झाला आणि नवे वैमानिक तयार करून आघाडीवर धाडणारी तुकडी इथे आली. त्याच वर्षी मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या डाइमलर कंपनीने शेजारच्या सिंडेलफिंगेनमध्ये कारखाना काढला, तोही मोटारींसाठी नव्हे, तर विमानं आणि विमानांची इंजिनं बनवण्यासाठी. आज जगभर गाड्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव उद्योगाच्या नकाशावर आलं ते विमानांमुळे, हे तिथल्याही अनेकांच्या ध्यानात नसतं.

युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानं ठेवायला बंदी केली. मैदान मात्र होतं तिथेच होतं. 1925 मध्ये ते व्युर्टेम्बर्ग राज्याचा नागरी विमानतळ म्हणून पुन्हा सुरू झालं. पुढची तेरा वर्षं म्हणजे या जागेचा सुवर्णकाळ. श्टुटगार्टला जाणारा विमानप्रवासी तेव्हा ब्योब्लिंगेनलाच उतरे. फेब्रुवारी 1934 मध्ये लुफ्त हान्सा या जर्मन विमान कंपनीने दक्षिण अमेरिकेची नियमित हवाई टपालसेवा सुरू केली, तिचा पहिला टप्पा इथून निघाला. टपाल इथून स्पेनला, तिथून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बाथर्स्टला आणि पुढे जलविमानाने अटलांटिक ओलांडून ब्राझीलमधल्या नातालला जाई. त्या जलविमानाला एका दमात समुद्र पार करणं झेपत नसे. म्हणून वाटेत भर समुद्रात ‘वेस्टफालेन’ नावाचं जहाज उभं असे. विमान त्याच्याजवळ पाण्यावर उतरायचं, क्रेनने वर उचललं जायचं, इंधन भरून घ्यायचं आणि जहाजावरच्या यंत्राने गोफणगुंड्यासारखं पुन्हा हवेत फेकलं जायचं.

मात्र या विमानतळाशी कायमचं जोडलं गेलेलं नाव आहे हान्स क्लेम यांचं. डाइमलरच्या सिंडेलफिंगेनच्या कारखान्यात विमानांचे आराखडे करणारा हा इंजिनिअर. मोठ्या, महागड्या विमानांचा काळ गेला आहे, आता माणसाला परवडेल असं हलकं विमान हवं, हा त्यांचा ध्यास. 1926 मध्ये त्यांनी ब्योब्लिंगेनला स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या लाकडी ‘एल 20’ विमानात दोन माणसं बसत आणि ते उडे जेमतेम 20 अश्वशक्तीच्या इंजिनावर. आपल्या रस्त्यांवरच्या साध्या 350 सीसी बुलेटची ताकदही साधारण तितकीच असते! हे इंजिन मुळात फर्डिनांड पोर्श यांनी डाइमलरमध्ये असताना बेतलेलं.

अशाच एका विमानात बसून फ्रिडरिश कार्ल फॉन क्योनिग-वार्टहाउझेन हा तरुण सरदारपुत्र 1928 मध्ये बर्लिनहून निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करूनच परतला. महासागर तेवढे त्याने विमानासकट बोटीतून ओलांडले. मॉस्को, इराण, तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थान आणि सिंगापूर ही त्याची वाट. 1931-32 मध्ये एली बाइनहॉर्न या वैमानिक बाईही क्लेमच्याच विमानातून बर्लिनहून हिंदुस्थानमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या. क्लेमचं विमान एवढं हलकं आणि साधं होतं, की बिघडलं तरी कुठेही उतरवून डागडुजी करता येई. लांबच्या सफरींना ते का निवडलं जाई, याचं मला तरी हेच कारण पटतं.

नाझी राजवटीने व्हर्सायचा तह झुगारल्यावर जे व्हायचं तेच झालं. 1938 मध्ये लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, विमानतळाचा ताबा घेतला आणि फायटर विमानांची एक तुकडी इथे आणून बसवली. नाव बदलत बदलत ती पुढे जेजी 52 या फायटर दलाचा भाग झाली. नागरी वाहतूक 1939 मध्ये एश्टरडिंगेनच्या नव्या विमानतळावर गेली. आजचा श्टुटगार्ट विमानतळ तो हाच. ऑक्टोबर 1943 मध्ये श्टुटगार्टवर झालेल्या ब्रिटिश हवाई हल्ल्यात बॉम्बचा मोठा मारा ब्योब्लिंगेनवर झाला आणि गावाचा जुना भाग जळून गेला.

युद्धानंतर मैदान अमेरिकन लष्कराकडे गेलं. पण इथे त्यांना विमानं उडवायची नव्हती. हँगरमध्ये रणगाडे आणि लष्करी वाहनं दुरुस्तीला येऊ लागली. हे काम चार दशकांहून जास्त चाललं, आणि या काळाबद्दल सांगण्यासारखं खरोखर फार नाही. महत्त्वाचं काही घडलं असेल तर ते कुंपणाबाहेर. दोन्ही गावं झपाट्याने वाढली, कारखाने विस्तारले, महामार्ग आला. मधला तुकडा मात्र जसाच्या तसा राहिला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकन इथून निघाले. गावाच्या दुसऱ्या टोकाची पांझर छावणी मात्र त्यांनी सोडली नाही. ती आजही त्यांच्याकडेच आहे.

आता खरा पेच. जमीन केंद्र सरकारच्या मालकीची, पण गावांची शीव तिच्या मधूनच जाते. ब्योब्लिंगेन आणि सिंडेलफिंगेन यांची जुनी चढाओढ तर सर्वांना ठाऊक. प्रत्येकाने आपला तुकडा घेऊन आपापली वसाहत उठवली असती, तर कुणालाच आश्चर्य वाटलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. दोन्ही नगरपालिकांनी मिळून एक संयुक्त संस्था स्थापली. तिनेच जमीन घ्यायची, आराखडा करायचा, रस्ते आणि गटारं बांधायची आणि मग भूखंड विकायचे. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातली सर्वात अवघड बांधणी हीच. काँक्रीटची त्यामानाने सोपी.

अर्थात काँक्रीट ओतण्याआधी जमीन साफ करायची होती. अनेक वर्षांच्या दुरुस्तीकामातून तेल आणि इंधन मातीत मुरलेलं, आणि युद्धात पडलेले पण न फुटलेले बॉम्ब कुठे दडले असतील त्याची शाश्वती नाही. जर्मनीत जुन्या लष्करी जागेवर बांधायचं म्हणजे हे ओघाने येतंच. आधी स्फोटकं शोधणारी पथकं, मग दूषित माती उपसणारी यंत्रं, आणि त्यानंतर वास्तुविशारद. लष्करी जमीन स्वस्त पडते असं वाटतं खरं, पण हा खर्च धरला की हिशेब बराच बदलतो.

आराखड्यात अंदाजे 4,000 रहिवासी आणि 7,000 नोकऱ्या धरल्या होत्या. मधोमध लांबट कृत्रिम तलाव खणला. तो शोभेचा तर आहेच, पण परिसरातलं पावसाचं पाणीही त्यात येतं. जुन्या विमानतळाची इमारत आणि हँगर वारसा म्हणून राखले. 2009 मध्ये तिथे जुन्या मोटारींचं केंद्र सुरू झालं. आज ते मोटरवर्ल्ड नावाने चालतं. हँगरमध्ये काचेच्या पेट्या एकावर एक रचल्या आहेत आणि हौशी मालक आपल्या जुन्या गाड्या त्यांत भाड्याने ठेवतात. आत फिरायला तिकीट नाही. शेजारच्या हॉटेलात काही खोल्यांतले पलंग चक्क गाड्यांच्या सांगाड्यांतून बनवलेले. रस्त्यांना आणि चौकांना हवाई इतिहासातल्या माणसांची नावं आहेत: हवाई जहाजांचे जनक ग्राफ झेपेलिन यांचा चौक, विमानाच्या कसरती करणाऱ्या लीझेल बाख यांचा रस्ता, तर सिंडेलफिंगेनच्या बाजूला जर्मनीतल्या पहिल्या महिला वैमानिक मेली बेझे यांचा.

पुण्या-चाकणहून मर्सिडीजच्या कामासाठी सिंडेलफिंगेनला जाणाऱ्यांना हा भाग नवा नसेल. एस-बान या लोकल रेल्वेच्या एस 1 गाडीने ब्योब्लिंगेनला उतरलं, की रुळांपलीकडे तोच दिसतो. पत्ता लिहिताना मात्र जपावं लागतं: वस्ती एक, पण ब्योब्लिंगेनच्या बाजूला पिनकोड 71034 आणि सिंडेलफिंगेनच्या बाजूला 71063. दोन्ही गावांची वेगवेगळी रुग्णालयं बंद करून एकच मोठं रुग्णालय बांधायचं ठरलं, तेव्हा जागा म्हणून याच मैदानाची निवड झाली, कारण, माझ्या मते, दोघांपैकी कुणालाही ‘ते तुमच्या गावात गेलं’ असं म्हणायची सोय इथे नव्हती.