कॉपी (सी++)

सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील एक अल्गोरिदम. तो एका पल्ल्यातील (सलग रांगेतील) घटक क्रमाने दुसऱ्या जागी उतरवतो. त्याला तीन इटरेटर (घटकाची जागा दाखवणाऱ्या खुणा) लागतात : पल्ल्याचा आरंभ, पल्ल्याचा शेवट व नव्या जागेचा आरंभ. पल्ला अर्धविवृत असतो, म्हणजे शेवट दाखवलेला घटक त्यात धरला जात नाही. परत मिळतो तो शेवटी लिहिलेल्या घटकापुढील जागेचा इटरेटर.

अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत रचलेल्या एसटीएल (स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी) या संग्रहातून कॉपी आला. एसटीएल नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रमाणीकरण समितीपुढे मांडली गेली, जुलै १९९४ मध्ये स्वीकारली गेली आणि १९९८ च्या पहिल्या आयएसओ प्रमाणकात आली. कल्पना मात्र जुनी आहे. स्टेपानोव्ह व डेव्हिड मसर यांचे १९८० च्या दशकातील एडा भाषेतील काम हे एसटीएलचे पूर्वरूप मानतात. सी भाषेत दोन पॉइंटर (स्मृतीतील पत्ता धरणारी चले) एकेक घर पुढे सरकवत नक्कल करण्याची रीत त्याहून आधीची. निदान कॉपीपुरते तरी या दुसऱ्या परंपरेशी नाते अधिक जवळचे दिसते; साधा पॉइंटर इटरेटर म्हणून त्यात जसाच्या तसा चालतो.

नव्या जागेचा आरंभ मूळ पल्ल्याच्या आतच पडत असेल, तर काय घडेल याची हमी प्रमाणक देत नाही. घटक एक घर उजवीकडे सरकवायचे असतील, तर पहिल्याच लेखनाने दुसरा घटक पुसला जातो आणि पुढे सर्वत्र पहिल्याच्याच प्रती पसरतात. अशा वेळी शेवटाकडून उलट चालणारा कॉपी_बॅकवर्ड वापरावा. डावीकडे सरकवताना कॉपी चालतो. व्यवहारात ही चूक पुष्कळदा लपून राहते : पूर्णांकासारख्या साध्या प्रकारांसाठी अनेक लायब्ऱ्या आतून स्मृतीतील मजकूर हलवणारे मेममूव्ह हे फंक्शन बोलावतात आणि त्याला दोन पल्ल्यांचे आच्छादन खपते. तोच कोड स्ट्रिंगांवर (अक्षरमालांवर) चालवला की बिघडतो.

कॉपी नवी जागा निर्माण करत नाही. रिकाम्या व्हेक्टरमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) भर घालायची तर शेवटी नवे घटक जोडणारा बॅक_इन्सर्टर लागतो.

अटीनुसार निवडक घटक उतरवणारा कॉपी_इफ १९९८ च्या प्रमाणकात नव्हता. तो अनवधानाने गळाल्याचे सी++ चे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी म्हटले आहे. तो व ठरावीक संख्येने घटक उतरवणारा कॉपी_एन २०११ मध्ये आले, कॉपीचे समांतर रूप (काम एकाच वेळी अनेक भागांत करू शकणारे) २०१७ मध्ये, तर संपूर्ण पल्ला एकाच नावाने घेणारे रेंजेस-रूप २०२० मध्ये.