कोलारचं सोनं, वायनाडचा फुगा आणि सोनभद्रचे १६० किलो

२१ फेब्रुवारी २०२० ला उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यातून बातमी आली की सोन पहाडी आणि हरदी या दोन ठिकाणी मिळून जवळपास ३,००० टन सोनं सापडलंय. सांगणारे जिल्ह्याच्या खनिकर्म खात्याचे अधिकारी होते, म्हणून कुणी शंका घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआयने दावा फेटाळला. १९९८ ते २००० या काळात तिथे शोधकाम झालं होतं. त्यात हाती लागलं होतं ते ५२,८०६.२५ टन खनिज, आणि त्याच्या दर टनात ३.०३ ग्रॅम सोनं. कागदावर गुणाकार करून पाहा, उत्तर येतं १६० किलो.

कर्नाटकातल्या कोलारच्या खाणींनी सुमारे १२० वर्षांत दिलेलं सगळं सोनं साधारण ८०० टन भरतं. एवढं एक माप डोक्यात असतं तरी सोनभद्रचा आकडा ऐकताक्षणी खटकायला हवा होता. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच असतो: टनाला ग्रॅम किती, म्हणजे एक टन खडकात सोनं किती? आपल्याकडे हा प्रश्न वेळेवर न विचारल्याने पैसा बुडालाय, आणि उत्तर मिळायच्या आधीच नकारघंटा वाजवल्याने खरी खाणही हातची जायची वेळ आली होती.

या कहाणीची सुरुवात मुंबईशी जोडलेली आहे. १७९२ च्या तहात टिपूकडून मलबार, म्हणजे आजच्या केरळाचा उत्तर भाग, इंग्रजांकडे आलं आणि काही वर्षं त्याचा कारभार मुंबई सरकारकडे राहिला. तिकडच्या नद्यांच्या रेतीत सोनं मिळतं हे कानावर आल्यावर १७९३ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरने चौकशी लावली. पुढे १८३१ मध्ये मलबारच्या कलेक्टरने आणि त्याच्या मदतीला दिलेल्या लेफ्टनंट निकोल्सन याने मलबारच्या डोंगराळ वायनाड आणि आसपासच्या सोन्याबद्दल फार आशेने लिहिलं. सरकारने समिती नेमली. १८३३ मध्ये समितीने प्रतिकूल मत दिलं आणि विषय पुढची तीस वर्षं बासनात गेला.

स्थानिक लोकांना सोनं ठाऊक होतंच. वायनाडात कुरुंब आणि पणिया हे आदिवासी ओढ्याची माती लाकडी परातीत धुवायचे. हलकी माती पाण्याबरोबर जाते, काळी जड रेती तळाशी राहते आणि तिच्या कडेला पिवळी रेघ दिसते. आपल्याकडचे झारेकरी सराफांच्या दुकानातली धूळ विकत घेऊन अशीच धुतात. धुणाऱ्याचं पोट त्या रेघेवर चालतं, म्हणून तो तिच्याबद्दल फुगवून बोलत नाही.

कोलारची गोष्टही अशाच धुण्यापासून सुरू होते. १८०२ मध्ये म्हैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करणाऱ्या लेफ्टनंट जॉन वॉरन याने, सोनं दाखवील त्याला इनाम जाहीर केलं. कोलारजवळच्या उरिगमचे गावकरी बैलगाडीत माती भरून आले आणि त्याच्यादेखत धुऊन सोन्याची पूड काढून दाखवली. यानंतर पन्नास-साठ वर्षं तुरळक प्रयत्न झाले, हाती विशेष काही आलं नाही. वॉरनचं टिपण मात्र छापलेलं होतं. ते मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाच्या वाचनात आलं. न्यूझीलंडच्या लढाईवरून परतून तो बंगलोर छावणीत राहायला आला होता, आणि न्यूझीलंडमधल्या सोन्याच्या शोधाची हवा त्याच्या डोक्यात होती. १८७१ मध्ये तो बैलगाडीने कोलारकडे गेला, जुने खड्डे पाहून आला आणि १८७३ मध्ये त्याने परवाना मागितला.

म्हैसूरचा कारभार तेव्हा ब्रिटिश चीफ कमिशनरच्या हाती होता. इथे सोनं काढणं परवडेल यावर अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. कोळसा शोधायचा तर शोध, असं त्यांचं म्हणणं. लॅव्हेल सोन्यावर अडून बसला. त्याचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो: सोनं सापडलं तर सरकारचा फायदा, नाही सापडलं तर सरकारचा छदामही जाणार नाही. २ फेब्रुवारी १८७५ ला त्याला खाणकामाचा वीस वर्षांचा पट्टा मिळाला. खोल खणायला लागणारा पैसा त्याच्याकडे नव्हता, त्यामुळे दोनेक वर्षांत त्याने आपले हक्क विकले आणि ते लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मंडळीकडे गेले.

तिकडे वायनाडात वारं उलट दिशेने वाहू लागलं. भारत सरकारनेच ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाहून ब्रॉ स्मिथ नावाचा खाणतज्ज्ञ आणला. १८८० च्या त्याच्या अहवालात उत्साह भरपूर होता, आणि या वेळी तो सरकारी शिक्क्यासह आला होता. लंडनच्या बाजारात तीसहून अधिक कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांचं कागदोपत्री भांडवल चाळीस लाख पौंडांच्या आसपास गेलं. देवाला आणि पंडलूर भागातले कॉफीचे मळे ‘सोन्याची जमीन’ म्हणून अवाच्या सवा भावाने विकले गेले. खडक दळायची यंत्रं घाट चढून वर येण्याआधीच प्रवर्तकांनी आपला वाटा खिशात घातला होता. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या बुडाल्या आणि महागडी यंत्रं रानात गंजत पडली.

यामागे लबाडी होती, तशी भूशास्त्राची एक खोडही होती. पृष्ठभागाजवळच्या खडकात पाणी आणि हवा शिरून गंधकयुक्त खनिजं कुजतात, त्यातलं सोनं मोकळं होतं आणि दळलेल्या खडकातून सोनं पकडायला वापरतात त्या पाऱ्याला सहज चिकटतं. वरचे नमुने म्हणूनच झकास निघतात. खाली गेलं की तेच सोनं पायराइट या गंधकयुक्त खनिजात अडकलेलं असतं आणि पारा त्याला पकडू शकत नाही. त्यातही तपासणीला जाणारे दगड निवडून घेतलेले. अशा दगडांवरून अख्ख्या डोंगराची किंमत ठरली.

कोलारही याच रांगेत जाणार होतं. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या खाण-कंपनीने तिथे काम हाती घेतलं, पण १८८३ च्या सुमारास भांडवल संपत आलं आणि बहुतेक भागधारक गाशा गुंडाळा म्हणू लागले. टेलर यांनी उरल्या पैशात एकदा शेवटचं खणू द्या म्हणून त्यांना राजी केलं. कॅप्टन प्लमर याने जुन्या लोकांनी खणलेल्या खड्ड्यांच्या तळाशी काम नेलं आणि तिथे सोन्याने भरलेली ‘चॅम्पियन’ शीर लागली. ज्या सोन्यावर अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता, त्याच्यावर पुढे म्हैसूर संस्थान स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, घेऊ लागलं. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली ती याच खाणींसाठी. काम तीन किलोमीटरहून खोल गेलं आणि खडकांच्या स्फोटांत कितीतरी कामगार दगावले.

२८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या. दळलेल्या खडकाचे राखाडी डोंगर, ज्यांना तिथले लोक ‘सायनाइड डंप’ म्हणतात, अजून वस्तीला लागून उभे आहेत. वारा सुटला की त्यांची पूड घराघरात शिरते. त्या पुडीत थोडं सोनं राहिलंय. २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने ते काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. आता लोक आणि गुंतवणूकदार पुन्हा टनामागचे ग्रॅम मोजायला बसलेत.