माशी हलकी, दोरी जड

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसलेली माणसं नाशिककरांना नवी नाहीत. गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, तंगुसाला शिशाचा तुकडा. फेकलं की शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये शिसं नसतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी असते की हातानं भिरकावली तर पायाशीच पडते. मग ती दहा मीटरवर जाते कशी?

वजन दोरीत असतं. ही दोरी जाड असते, तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो आणि टोकाकडे ती निमुळती होत जाते. दोरीचे नंबर ठरतात ते तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून: पाच नंबरची १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, सहा नंबरची १६० ग्रेन. दोरीचा आणि रॉडचा नंबर जुळायला हवा. नवशिक्यानं नऊ फुटी रॉड घ्यावा. आपल्याकडे धरणांवर दुपारी वारा सुटतो, म्हणून मी पाचापेक्षा सहा नंबर सुचवेन. रिळावर फार खर्च करू नका, लहान माशांसाठी ते फक्त दोरी गुंडाळायचं साधन आहे. पैसे चांगल्या दोरीवर घाला.

आता फेक. दोरी आधी मागे उडवायची, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग वेग वाढवत रॉड पुढे आणायचा आणि एकदम रोखायचा. रॉड थांबतो, पण दोरी थांबत नाही. रॉडच्या टोकाशी तिला वळसा पडतो: वळशाची खालची बाजू जवळपास स्थिर, वरची पुढे धावत असलेली. वळसा उलगडत जातो तशी धावणारी दोरी आखूड होत जाते, म्हणजे गतिज ऊर्जा कमी कमी वस्तुमानात एकवटते. पोतराजाच्या आसुडाचं टोक ध्वनीपेक्षा वेगानं जाऊन कडाडतं ते याच तत्त्वानं. फ्लायच्या दोरीला मात्र हवेचा विरोध बराच होतो, त्यामुळे ऊर्जा वाटेत खर्च होत जाते आणि माशी अलगद पाण्यावर उतरते. दोरी कडाडली तर समजायचं की मागे पुरेसं थांबलो नाही. असा आवाज आला की माशी बहुधा तुटून गेलेली असते.

रॉडचं काम दुहेरी आहे. तो हात लांबवणारी तरफ आहे आणि वाकून ऊर्जा साठवणारी स्प्रिंगही. पण त्याच्या वाकण्याचा आणखी एक उपयोग मला सर्वांत सुंदर वाटतो. आपला हात खांद्याभोवती कमानीत फिरतो, तरी रॉड जोराच्या क्षणी जास्त आणि शेवटी कमी वाकत असल्यामुळे त्याचं टोक जवळपास सरळ रेषेत जाऊ शकतं. टोक सरळ गेलं की वळसा अरुंद पडतो आणि हवा कापत जातो. टोक कमानीत फिरलं की वळसा रुंद होतो आणि दोरी समोर ढिगासारखी पडते. सुरुवातीलाच झटका दिला तर टोक मध्येच खाली दबतं, दोरी स्वतःलाच अडकते आणि गाठ बसते. यातल्या कुठल्याच चुकीवर जास्त ताकद हा उपाय नाही.

म्हणून पहिले धडे पाण्यावर नकोत, गवतावर घ्यावेत. गोल्फ क्लबचं मैदान सकाळी गजबजलेलं असतं, घराजवळचं मोकळं मैदान बरं. गळाऐवजी लाल लोकरीचा छोटा गोंडा बांधा. डांबर आणि काँक्रीट टाळा, दोरीचा थर घासला जातो. मान वळवून मागची दोरी बघा. बहुतेक दोष तिथेच दिसतात. आणि वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहा. आजचे बहुतेक रॉड कार्बन फायबरचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून तिथून निघायचं.

दहा मीटर पुरतात का? त्याचं उत्तर माशाच्या डोळ्यात आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वाकवतं याचं माप, सुमारे १.३३ आहे, त्यामुळे बाहेरचं अख्खं जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. मासा एक मीटर खोल असेल तर पृष्ठभागावरची ही गोल खिडकी जेमतेम सव्वादोन मीटर रुंद असते. तिच्याबाहेर त्याला पृष्ठभाग आरशासारखा भासतो. क्षितिजालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला दाबल्या जातात. १.७ मीटर उंचीचा माणूस काठावर चार मीटरवर उभा असेल तर त्याची आकृती त्या कडेला सुमारे पाच अंश व्यापते. दहा मीटरवर एक अंशाहूनही कमी. वाकून उभं राहिलात तर आणखी कमी. तीस फूट दोरी आणि पुढे नऊ फुटांचा बारीक, निमुळता तंगूस एवढ्यात तुम्ही या अंतरावर सहज पोचता. पाय मात्र हलके ठेवा, कारण काठावरची धपधप पाण्यात पोचते आणि माशाच्या अंगावरच्या, कंपनं टिपणाऱ्या पार्श्वरेषेला ती जाणवते.

ही विद्या युरोपात ट्राउट या माशाभोवती वाढली. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून ट्राउट काश्मीरमध्ये आणले गेले. त्यांना थंड पाणी लागतं, ते नाशिकमध्ये जगणार नाहीत. पण आपल्याकडे पृष्ठभागावर किडे टिपणारे चंदेरी लहान मासे आहेत, उथळ पाण्यात दबा धरणारी मरळ आहे, आणि १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापी (टिलापिया) तर सगळीकडे आहे. शिकायला चिलापीच घ्यावी.

माशी कुठली निवडायची, ते पाणीच सांगतं. त्र्यंबकच्या बाजूच्या वाहत्या ओढ्यातला दगड उलटा करून पाहा. पोटाच्या कडेला कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या असलेला चपळ किडा दिसला तर ते मेफ्लाय या पंखवाल्या किड्याचं पिल्लू. प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात ते राहतं. पंख फुटल्यावर ते काही खात नाही, फार तर एखाद-दोन दिवस जगतं. साचलेल्या, घाण पाण्यात मात्र लालभडक अळ्या सापडतात. हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अत्यल्प प्राणवायूवर तग धरतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी पाण्यावर पडते तेव्हा मासे दुसऱ्या कशाकडे बघतही नाहीत. जे दिसेल त्याच आकाराची, त्याच रंगाची माशी लावा.

पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ असतो आणि पाणीही गढूळ असतं. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा सुरुवात करा. बऱ्याच जलाशयांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात; आधी त्यांना विचारा, तिथल्या माणसांना पाण्याची खडा न् खडा माहिती असते. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तिथे रॉड नेऊ नका, दुर्बीण न्या. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका म्हणजे मासा सोडवताना जबडा फाटत नाही. महाशीर किंवा दुसरा देशी मासा लागला तर हात ओले करून धरा, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला जंतुसंसर्गापासून वाचवतो. तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा आणि तो स्वतःहून निसटू लागला की सोडा.