नागासाकीचे लपून राहिलेले ख्रिस्ती

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतले एक आपल्या वसईचे, संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानी उत्तम येत असल्यामुळे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर गेले होते. वसईत त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्या टेकडीनंतर तिथल्या साध्या माणसांनी जे केले, ते मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. मला ते हौतात्म्याइतकेच मोठे वाटते.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचला तो गोव्याहून. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत गोव्यात स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेतलेला आंजिरो नावाचा जपानी होता. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ३ लाखांवर गेली. परकीय सत्ता धर्मामागून आत शिरेल, या धास्तीने तोकुगावा राजवटीने १६१४ साली देशभर बंदी घातली. देशात उरलेले शेवटचे धर्मगुरू कोनिशी मान्सिओ १६४४ साली मारले गेले. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, चर्च नाही.

पाळत घरापर्यंत आली होती. प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे आणि मयताचे विधी तिथल्याच भिक्षूंकडून करून घ्यावे लागत. नागासाकी भागात दरवर्षी येशूची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून प्रत्येकाला तिच्यावर पाय द्यायला लावत. नकार म्हणजे छळ किंवा मरण. बहुतेकांनी पाय दिला. मग घरी येऊन दार लावले आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. दूर बसून याला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. पण ही माणसे जगली म्हणूनच श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती गेली.

ती जगवली गावानेच, कामे वाटून घेऊन. नागासाकीजवळच्या उराकामी गावात एक प्रमुख असे. सणवारांची दिनदर्शिका त्याच्याकडे. वस्तीवस्तीत एक जण बाळांना स्नानसंस्कार देई आणि निरोप्या घरोघरी जाऊन येणारे पवित्र दिवस सांगून येई. अशा दिवशी शिवणकाम करायचे नाही, शेतात खत टाकायचे नाही. शेजाऱ्याला संशय येऊ नये इतके ते साधे. प्रार्थना लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांच्या, तोंडपाठ केलेल्या. पिढ्यांमागून पिढ्या उच्चार झिजत गेले, तरी त्या सुटल्या नाहीत. कडेवर बाळ असलेली कान्नोनची चिनी मातीची मूर्ती बाहेरच्यांना बौद्ध देवता दिसे; घरच्यांसाठी ती मारिया होती.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक नागासाकीतल्या परदेशी रहिवाशांसाठी नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये आले. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना एका बाईने हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि पवित्र मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. त्यांचा ‘दुःखाचा काळ’ चालू होता. पेतिजाँ यांचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळही तेव्हाच चालू होता. सुमारे दोनशे वीस वर्षे कोणाही धर्मगुरूवाचून सांभाळलेली दिनदर्शिका जुळली होती.

संकट मात्र सरले नव्हते. १८६७ साली उराकामीकरांनी बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करायला उघड नकार दिला आणि धरपकड सुरू झाली. ३ हजारांहून अधिक लोकांना, म्हणजे जवळजवळ सगळ्या गावाला, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले. ६०० हून अधिक जण तिथेच दगावले. पाश्चात्त्य देशांच्या दबावामुळे १८७३ साली बंदीचे फलक उतरले. परतलेल्यांनी पुढे गावच्या मुखियाची जागा विकत घेतली. प्रतिमेवर पाय द्यायला त्यांना जिथे बोलावले जाई, तीच ही जागा. तिथे त्यांनी उराकामीचे मोठे चर्च उभारले. ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब त्याच्यापासून सुमारे ५०० मीटरवर फुटला आणि धर्मग्रामातल्या १२ हजारांपैकी सुमारे साडेआठ हजार लोक गेले. चर्च १९५९ साली पुन्हा उभे राहिले.

लपून राहिलेले सगळेच चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकी बेटावरच्या अनेक कुटुंबांनी पूर्वजांनी जिवावर उदार होऊन जपलेल्या प्रार्थना आणि विधी जसेच्या तसे चालू ठेवणे पसंत केले. जवळच्या नाकाए बेटावर त्यांचे पूर्वज मारले गेले होते. स्नानसंस्काराचे पाणी ते तिथल्याच खडकातून आणत. आता त्या प्रार्थना तोंडपाठ असलेली माणसे थोडीच उरली आहेत.